साडेसोळा की एकोणीस?

डोळ्याची लांबी 27.1 मिलिमीटर, बुबुळाची ताकद 38 डायॉप्टर. राजारामपुरीतल्या दवाखान्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी यंत्राने काढलेले हे दोन आकडे वहिनीच्या फॉर्मशी काही केल्या जुळेनात. एरवी डोळा साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास असतो. सत्तावीस म्हणजे शाळेपासून जाड काचांचा, मोठ्या उणे नंबरचा डोळा. फॉर्मवर मात्र वहिनीच्या अक्षरात लिहिलेलं: पूर्वी चष्मा नाही, डोळ्यांवर पूर्वी उपचार नाहीत. शिवाय 38? बहुतेकांचं बुबुळ 41 ते 47 च्या दरम्यान असतं. इतकं चपटं जन्मजात सहसा सापडत नाही.

डॉक्टरांनी पुन्हा मोजायला लावलं. आकडे तेच. मग त्यांनी विचारलं, "मॅडम, डोळ्यांना कधी लेसर केलं होतं का?"

वहिनीने आधी दादाकडे पाहिलं, मग खाली. "केलं होतं. 1999 ला, पुण्यात. उणे आठ होता."

"म्हणजे मी बघायला आलो तेव्हा…" दादा.

"तवा तुम्ही मला लख्ख दिसत होतासा."

स्थळ हातचं जाऊ नये म्हणून मुलीचा चष्मा घालवायचा आणि लग्नानंतर त्या विषयाला कुलूप लावायचं, हे आपल्याकडे काही नवलाचं नाही. वहिनीचा तर समज असा की लेसर झालं, संपलं, आता त्याचं डोळ्यात राहिलंय काय? दोन वर्षांपासून उणे नंबर परत येत होता, तेव्हा ती मनाशी म्हणत होती, लेसर उतरलं. लेसर उतरलं नव्हतं. मोतीबिंदूत डोळ्यातलं मूळ भिंग कडक होत जातं, त्याची ताकद वाढते आणि नंबर उणेकडे सरकतो.

डॉक्टरांना घाम फुटायचं कारण वेगळं होतं. मोतीबिंदू काढणं हल्ली अवघड राहिलेलं नाही. आत बसवायचं कृत्रिम भिंग किती ताकदीचं, हा खरा प्रश्न. हॅरॉल्ड रिडली यांनी 1949 च्या नोव्हेंबरात लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात पहिलं भिंग बसवलं, तेव्हा त्या बाईंना उणे 18 च्या पुढचा नंबर आला होता. पुढे सूत्रं आली. 1980 च्या सुमाराचं एक अगदी सोपं आहे: भिंगाच्या ठरावीक अंकातून लांबीची अडीचपट आणि बुबुळाच्या ताकदीची 0.9 पट वजा करा. वहिनीचे आकडे तशा सूत्रात घातले तर उत्तर येतं साधारण साडेसोळा.

आणि ते चुकीचं आहे. ही चूक लेसरच्याही आधी पकडली गेली. बुबुळावर चाकूने चिरा देऊन नंबर घालवायची एक पद्धत होती. त्या रुग्णांचे मोतीबिंदू काढल्यावर त्यांना अनपेक्षितपणे अधिक, म्हणजे प्लसचा, नंबर येऊ लागला. ह्यूस्टनच्या डग्लस कॉख आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये अशा रुग्णांबद्दल लिहिलं. लेसरनंतरच्या डोळ्यांत तेच दुखणं आणखी पक्कं निघालं.

यंत्र बुबुळाचा फक्त पुढचा पृष्ठभाग मोजतं. मागचा न बघता, दोघांचं प्रमाण ठरलेलं आहे असं धरून, एकूण ताकद सांगतं. त्यासाठी 1.3375 हा अंक त्यात कायमचा भरलेला असतो. लेसर पुढची बाजू घासून चपटी करतं, मागची तशीच राहते, प्रमाण मोडतं. यंत्राला ते कळायला मार्ग नाही, म्हणून ते ताकद खऱ्यापेक्षा जास्त सांगतं. दुसरं, मोजणी होते ती मधल्या सुमारे तीन मिलिमीटरच्या कड्यावर. सगळ्यात चपटा भाग त्याच्याही आत असू शकतो. तिसरी गोष्ट मला सगळ्यात बेरकी वाटते. नवं भिंग डोळ्यात किती खोल बसेल याचा अंदाज बरीच सूत्रं बुबुळाच्या गोलाईवरूनच बांधतात. बुबुळ चपटं दिसलं की त्यांना वाटतं, भिंग वरच बसणार, मग कमी ताकदीचं चालेल. तिन्ही चुका एकाच दिशेला ओढतात. एक जरी उलटी असती तरी थोडी फिटंफाट झाली असती.

उपाय असतो जुनी फाइल. लेसरआधी बुबुळ किती होतं, नंबर किती होता आणि किती उतरवला, हे कळलं तर खरी ताकद मागे जाऊन काढता येते. जॅक हॉलडे यांनी 1989 मध्येच ही वाट सुचवली होती. वहिनीची फाइल माहेरी, शाहूपुरीत, खालच्या मजल्यावरच्या कपाटात होती. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा घरात शिरली आणि कपाटातल्या कागदांचा चिखल झाला. उरला होता तो वहिनीच्या तोंडचा 'उणे आठ'. पण बुबुळाचे जुने आकडे कुठून आणणार?

फाइल नसलेल्यांसाठीही माणसांनी डोकं चालवलंय. स्पेनच्या हाइमे अरामबेरी यांनी 2003 मध्ये भिंगाच्या जागेचा अंदाज आणि ताकदीचं गणित यांसाठी बुबुळाचे दोन वेगळे आकडे वापरायची युक्ती मांडली. जर्मनीच्या वोल्फगांग हायगिस यांचं सूत्र 2008 चं, पर्थच्या ग्रॅहम बॅरेट यांचं त्यानंतरचं. दोन्हींना जुने कागद नसले तरी चालतं. डॉक्टरांनी आणखी एक स्कॅन करून बुबुळाची मागची बाजूही प्रत्यक्ष मोजली, मग तीन-चार गणितं शेजारी शेजारी मांडली. उत्तरं अठरा ते साडेएकोणीसमध्ये पसरली. साडेसोळाच्या जवळ एकही नाही.

एकोणीसऐवजी साडेसोळाचं भिंग बसलं असतं तर वहिनीला अधिक पावणेदोनच्या आसपास नंबर आला असता. उणे चुकलं तर निदान जवळचं तरी दिसतं. अधिकाकडे चुकलं की तिच्या वयात लांबचंही धूसर आणि पोथीही धूसर. म्हणून डॉक्टर मुद्दाम किंचित उणेकडे झुकले आणि एकोणीस ठरलं. आधीच सांगितलं, "नेमकं शून्य येईल असं मी म्हणणार नाही." दोन्ही डोळे लागोपाठ उरकून टाका, हा दादाचा आग्रह त्यांनी मोडून काढला. पहिल्या डोळ्यात काय येतं ते महिनाभराने बघू, म्हणाले; गणित जितकं चुकेल तितकी दुरुस्ती दुसऱ्या डोळ्यात करता येते.

पहिल्या डोळ्यात आलं उणे पाऊण, अपेक्षेपेक्षा थोडं जास्त. दुसऱ्यासाठी साडेअठरा मागवलं.