ओठ भाड्याने मिळत नाहीत

अमेरिकेतल्या बऱ्याच शाळांत चौथी ते सहावीच्या सुमारास मुलांचा बँड सुरू होतो. मुले ट्रम्पेट निवडतात आणि पालकांपुढे प्रश्न येतो : वाद्य विकत घ्यावे की भाड्याने? आवड टिकते की नाही हे कळेपर्यंत भाड्याचेच बरे. मात्र दुरुस्तीचा खर्च कोणाचा, आणि भरलेले भाडे पुढे किमतीतून वजा होते का, हे करारात आधी पाहून घ्यावे.

पण सूर काढणारा खरा भाग दुकानात मिळत नाही. पितळी नळीत नुसती फुंकर मारली तर सूर निघत नाही. पेटीत पट्टी कंप पावते, इथे ओठ. मिटलेल्या ओठांमागे हवेचा दाब वाढला की ते क्षणभर उघडतात, थोडी हवा सुटते आणि ते पुन्हा मिटतात. ४४० कंपनांचा सूर लावताना हे सेकंदाला ४४० वेळा घडते. नळीतली हवा हा कंप ठराविक सुरांवर स्थिर करते. आपली तुतारी आणि शंखही असेच वाजतात.

वरच्या सुरासाठी ओठांचे स्नायू आवळावे लागतात. ती ताकद हळूहळू येते. नवशिकी मुले त्याऐवजी माउथपीस ओठांवर दाबतात. त्याने रक्तपुरवठा अडतो, ओठ बधिर होतात, सुजतात. लुई आर्मस्ट्राँगसारख्या थोर वादकालाही ओठांच्या दुखापतीने छळले. ओठाभोवतीचा स्नायू फाटण्याच्या दुखापतीला १९८२ साली त्यांच्याच टोपणनावावरून ‘सॅचमो सिंड्रोम’ असे नाव मिळाले.

म्हणून पालकांनी एवढे पाहावे :

• सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटे सराव, मग विश्रांती. तासभर सलग नको.

• वाजवून झाल्यावर ओठावर खोल वळ दिसला आणि तो लवकर गेला नाही, तर दाब जास्त पडतो आहे. बँडच्या शिक्षकांना सांगावे.

• ब्रेसेस बसवायच्या असतील तर ऑर्थोडॉन्टिस्टला वाद्याची कल्पना द्यावी. तारांवर लावायचे मेण मिळते.

• माउथपीस कोमट पाण्याने व साबणाने नियमित धुवावा, दुसऱ्याचा वापरू नये.

• वेदना किंवा बधिरपणा राहिला तर वाजवणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

कार्यक्रम जवळ आला की ‘अजून थोडा वेळ वाजव’ असे आपण सहज म्हणतो. त्या वेळी आधी मुलाच्या ओठांकडे पाहावे. ट्रम्पेटला पोचा आला तर दुकानदार काढून देईल. ओठ मात्र जन्मभर तेच वापरायचे आहेत.