पडद्याच्या मागून ब्रूस ली

जत्रेत तंबू ठोकला की टुरिंग टॉकीजचा मालक आधी पिक्चरची लांबी बघायचा. हिंदी पिक्चर जवळजवळ तीन तासांचा. ‘एंटर द ड्रॅगन’ पावणेदोन तासांत आटोपतो, ‘अ‍ॅनाकोंडा’ तर दीड तासातच. म्हणजे पहाटेपर्यंत एखाददुसरा खेळ जास्त. शिरूर-दौंड पट्ट्यात इंग्लिश पिक्चर पोचला तो या हिशेबावर. जागतिक सिनेमाची गोडी वगैरे नंतरच्या गोष्टी.

शिरूरकडच्या एका जुन्या ऑपरेटरकडून हे किस्से ऐकलेत. नाव छापू नका म्हणाले, कारण पुढे येईलच.

हॉलिवूडच्या पिक्चरला मध्यंतर नसतं. भेळवाल्याला मात्र ते लागतंच. मग मध्यंतर कुठे घ्यायचं, हे ऑपरेटर ठरवायचा. ‘अ‍ॅनाकोंडा’त सापानं पाण्यातून डोकं काढलं रे काढलं की यांनी दिवा बंद केलाच म्हणून समजा. तंबूत शिट्ट्या, बायकांचा आरडाओरडा आणि बाहेर भज्यांच्या गाडीवर झुंबड. दोन हजार फुटांचं रीळ साधारण बावीस मिनिटं चालतं. तंबूत प्रोजेक्टर एकच, त्यामुळे रीळ बदलताना अंधार ठरलेला. भुताच्या पिक्चरला हा अंधार फुकटात कामाला यायचा. दिग्दर्शकाला जे भय साधलं नसेल ते प्रोजेक्टरचा कार्बनचा दिवा विझल्यावर साधायचं.

कराटेच्या पिक्चरची गंमत वेगळी. दुपारी आखाड्यात कुस्त्या बघून आलेली मंडळी रात्री तंबूत पुढे बसायची. पडद्यावर दोघं हातवारे करत गोल फिरायला लागले की आवाज यायचा, “आरं, ढाक मार की त्याला! नुसता वरडतोय काय?” ब्रूस लीच्या लाथेला मात्र दाद मिळायची, तीही मोजून. संवाद कुणाला नको असायचे. म्हणून आमचे ऑपरेटर दोन मारामाऱ्यांमधली बोलाचाली कात्रीनं उडवून जोड मारायचे. परत जाणाऱ्या पेटीत फिल्म काही फूट कमी भरायची. नाव का नको, ते कळलं असेल.

पैसे नसलेली पोरं पडद्याच्या मागच्या बाजूनं कनातीखालून शिरायची. तिथून चित्र उलटं दिसतं. ब्रूस ली उजवा पाय पुढे टाकून उभा राहायचा, या पोरांना तो डावा पाय पुढे टाकलेला दिसायचा. तिकीट काढून समोर बसलेल्यांशी त्यांची यावरून भांडणं व्हायची, म्हणे.

खरी पंचाईत प्रेमाच्या पिक्चरची. ‘टायटॅनिक’ सव्वातीन तासांचा, म्हणजे खेळांचं गणितच बिघडलं. त्यात रोझचं चित्र काढण्याचा प्रसंग, आणि पुढ्यात सासू-सुना एकाच सतरंजीवर. ऑपरेटरांनी लेन्सपुढे पुठ्ठा धरला. आवाज चालू, चित्र गायब. मागून कुणीतरी ओरडलं, “पुठ्ठा काढ!” दुसऱ्या खेळाला त्यांनी पहिल्या अर्ध्या भागातलं बरंच काही वगळून जहाज लवकर बुडवलं. तक्रार एकाचीही आली नाही. जेम्स कॅमेरॉनचं नुकसान झालं असेल, जत्रेचं झालं नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

महाराष्ट्रातल्या या तंबूंवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी आठ वर्षे खपून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. 2016 साली तो कान महोत्सवात दाखवला गेला. तोवर जत्रांतही रिळांच्या जागी डिजिटल आलं होतं, आणि कित्येक प्रोजेक्टर भंगाराच्या भावात विकले गेले होते.

तुमच्या माळ्यावर, जुन्या गोठ्यात फिल्मच्या पत्र्याच्या पेट्या पडल्या असतील तर भंगारवाल्याला हाक मारू नका. पुण्यात लॉ कॉलेज रोडला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, आधी तिथे विचारा. एखाद्या पेटीत आमच्या ऑपरेटरांनी कापलेले तुकडेही सापडतील.