बेडकांसाठी बंद केलेला रस्ता

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातले मंडूकसूक्त मी वर्गात उल्लेखापुरते सांगतो. पावसाळ्यात ओरडू लागणाऱ्या बेडकांना ऋषीने मंत्र म्हणणाऱ्या ब्राह्मणांची उपमा दिली, हे ऐकून पोरे हमखास हसतात. मीही हसतो. पण जिवंत बेडूक हाती धरण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. ती आली वयाच्या ४६व्या वर्षी, तीही थेट इंग्लंडात!

माझी धाकटी बहीण बाथ या गावी असते. गेल्या फेब्रुवारीत तिच्याकडे गेलो होतो. एका संध्याकाळी पाऊस भुरभुरू लागला, तशी मायलेकींनी बादल्या, विजेऱ्या आणि चकाकत्या पट्ट्यांची जाकिटे बाहेर काढली.

"दादा, चल. बेडूक उचलायला जायचंय," बहीण म्हणाली. मला वाटले, थट्टा करते आहे.

गावाला लागूनच चार्लकम्बची दरी आहे. तिच्या उतारावरून एक अरुंद रस्ता जातो. वर झाडी, खाली तळे. 'टोड' जातीचे बेडूक हिवाळाभर वरच्या झाडीत ओंडक्यांखाली, मातीत दडून राहतात. अंगावर खडबडीत फोड, आणि उड्या मारण्यापेक्षा चालणेच पसंत. (आपण मराठीत त्यांनाही सरसकट बेडूकच म्हणतो.) थंडी जरा ओसरून ओली रात्र आली की ते विणीसाठी आपल्या ठरलेल्या तळ्याकडे निघतात. पुष्कळदा नर वाटेतच मादीच्या पाठीवर घट्ट बसतो. म्हणजे पोटात हजारावर अंडी आणि पाठीवर नवरा, असा संसार घेऊन बाईसाहेब रस्ता ओलांडणार! मोटार आली तरी पळायचे नाव नाही.

म्हणून दरवर्षी फेब्रुवारी-मार्चात सुमारे सहा आठवडे हा रस्ता वाहनांना बंद ठेवतात. पण लगतच्या रस्त्यांवर रहदारी असतेच. तेव्हा अंधार पडला की स्वयंसेवक हिंडू लागतात. त्या रात्री पेन्शनर होते, गृहिणी होत्या, दोन कॉलेजकुमारही होते. बेडूक उचलायचा, बादलीत ठेवायचा, आणि निघाला होता त्याच बाजूला नेऊन सोडायचा. उलट्या बाजूला सोडलात तर बिचारा पुन्हा रस्त्यावर!

अशी पथके ब्रिटनभर आहेत. हेन्लीजवळ तर १९८७ साली रस्त्याखालून बेडकांसाठी बोगदाच केला. त्याच १९८७त आपल्या देशाने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली, हेही सांगितले पाहिजे. शेतातली कीड खाणारा प्राणी आपण गोठवून परदेशी धाडत होतो. मात्र एवढे करूनही तिकडचे चित्र आशादायक नाही. पथकांच्याच नोंदींवरून २०१६ साली अभ्यासकांनी हिशेब मांडला, तेव्हा तीस वर्षांत ब्रिटनमधले हे टोड सुमारे ६८ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले.

मी आपला छत्री धरून मागे मागे. तेवढ्यात भाची ओरडली, "मामा, तुझ्या बुटापाशी!" विजेरीच्या उजेडात एक मादी बसली होती, फुगलेली, जागची न हलणारी. मला आमच्या कॉलनीतला जूनचा पहिला पाऊस आठवला. सकाळी रस्त्यावर चपट्या झालेल्या आकृत्या चुकवीत मी कॉलेजात जातो. आदल्या रात्री कोणाच्या स्कूटरखाली त्या आल्या, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नाही. एखादी माझ्याही असेल.

"हळू धर हं," भाची म्हणाली. हातमोज्यातूनही तिचे पोट धपापताना जाणवले. किळस आली नाही, असे म्हणणार नाही. पण पलीकडे गवतात नेऊन सोडली.

घरी निघण्यापूर्वी भाचीने वहीत नोंद केली : जिवंत ४१, मेलेले ३.

"मेलेले कशाला लिहायचे?" मी विचारले.

"तेही निघाले होतेच ना, मामा!" ती म्हणाली, आणि बादली विसळायला गेली.