विश्लेषण : अपडेट झाले, तरी सर्व्हर असुरक्षित कसा राहतो?

‘हार्टब्लीड’ ही त्रुटी ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाली आणि जगभरात सर्व्हर सांभाळणाऱ्यांची धावपळ उडाली. इंटरनेटवरील देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या सॉफ्टवेअरमधील या चुकीमुळे हल्लेखोराला दर वेळी सर्व्हरच्या मेमरीतील ६४ किलोबाइटपर्यंत मजकूर वाचता येत होता. त्यात पासवर्ड असू शकत होते, गुप्त ‘की’सुद्धा. दुरुस्त आवृत्ती लगेच आली. मात्र ती बसवली म्हणजे धोका टळला, असे नव्हते.

असे का?

प्रत्येक प्रोग्राम सगळी कामे स्वतः करत नाही. अनेकांना लागणारी कामे सामायिक फाइलींमध्ये ठेवलेली असतात. त्यांना ‘शेअर्ड लायब्ररी’ म्हणतात, विंडोजमध्ये ‘डीएलएल’. प्रोग्राम सुरू होताना त्या मेमरीत घेतो. नंतर डिस्कवर नवी फाइल आली, तरी आधीपासून चालू असलेला प्रोग्राम जुनीच वापरत राहतो.

ओळखायचे कसे?

चालू प्रोग्रामला ‘प्रोसेस’ म्हणतात आणि प्रत्येक प्रोसेसला क्रमांक असतो. लिनक्समध्ये ‘प्रॉक’ या फोल्डरात त्या क्रमांकाचा फोल्डर असतो. त्यातील ‘मॅप्स’ फाइलमध्ये प्रोसेसने मेमरीत घेतलेल्या लायब्ररींची नावे दिसतात. जुनी फाइल डिस्कवरून गेली असेल, तर नावापुढे ‘डिलीटेड’ असा शेरा येतो. अपडेटनंतर तो दिसला, की प्रोसेस अजून जुन्याच लायब्ररीवर चालली आहे, असे समजावे. ‘एलएसओएफ’ कमांडनेही हे तपासता येते. दुसऱ्या युजरची प्रोसेस पाहायची, तर ‘रूट’ अधिकार लागतात. विंडोजमध्ये ‘टास्कलिस्ट’ कमांडचा ‘एम’ हा पर्याय प्रोसेसनिहाय डीएलएलची यादी देतो.

‘एलडीडी’ का पुरत नाही?

‘एलडीडी’ कमांड डिस्कवरील प्रोग्राम तपासते. तो आता सुरू केला, तर कोणत्या लायब्ररी घेईल, एवढेच ती सांगते. त्यामुळे अपडेटनंतर ती नवी फाइल दाखवते आणि सर्व्हर सांभाळणारा निर्धास्त होतो. प्रोग्रामने चालू असताना मागाहून घेतलेल्या लायब्ररीही तिच्या यादीत नसतात.

उपाय काय?

जुनी लायब्ररी धरून बसलेली प्रोसेस बंद करून पुन्हा सुरू करणे. हार्टब्लीडच्या वेळी त्यानंतर गुप्त की, प्रमाणपत्रे आणि पासवर्डही बदलावे लागले. संगणकावरील ब्राउझर अपडेटनंतर पुन्हा सुरू करायला सांगतो, त्यामागेही हेच कारण असते. ती सूचना ‘नंतर’ म्हणून टाळली, तर जुनी त्रुटी तोवर तशीच राहते.