सीडी-डीव्हीडी बर्न करताना राइट स्पीड किती ठेवायचा?

आता सगळं फोनमध्ये आणि क्लाउडवर असतं, मग डिस्क कोण बर्न करतं? पण गाडीतल्या जुन्या सीडी प्लेअरसाठी गाणी हवी असतील, किंवा फोनमधल्या फोटोंची आणखी एक कॉपी कपाटात ठेवायची असेल, तर डिस्क अजूनही कामाला येते. बर्न करताना सॉफ्टवेअर स्पीड विचारतं आणि बहुतेक जण सगळ्यात मोठा आकडा निवडतात. गडबड इथेच होते, कारण सीडी-आर किंवा डीव्हीडी-आरवर एकदा लिहिलं की ते पुसता येत नाही.

एक्स म्हणजे काय?

सीडीसाठी १ एक्स म्हणजे सेकंदाला १५० केबी. डीव्हीडीसाठी १ एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८ एमबी, जवळपास ९ पट. त्यामुळे ५२ एक्सची सीडी वेगवान वाटली तरी ती सेकंदाला जेमतेम ८ एमबी लिहिते आणि १६ एक्सची डीव्हीडी २२ एमबी. दोघांचे आकडे एकमेकांशी जुळवू नका.

जास्त स्पीडने काय बिघडतं?

रिकाम्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. लेझर तो थर तापवून त्यावर बारीक खुणा करतो. स्पीड वाढला की प्रत्येक खुणेसाठी वेळ कमी मिळतो आणि लेझरला जास्त ताकद लावावी लागते. शिवाय १६ एक्सला डीव्हीडी मिनिटाला ९ हजारांहून जास्त फेरे घेऊ शकते. डिस्क जराशी जरी डगमगली तरी खुणा नीट उमटत नाहीत. अशी डिस्क तुमच्या लॅपटॉपवर चालेल, पण जुन्या प्लेअरवर अडकेल.

आणि वाचतो तरी किती वेळ? १६ एक्स हा स्पीड फक्त डिस्कच्या बाहेरच्या कडेला मिळतो. आतल्या भागात ड्राइव्ह साधारण ६-७ एक्सनेच सुरुवात करतो. पूर्ण भरलेली डीव्हीडी ८ एक्सला ८ ते १० मिनिटं घेते, तर १६ एक्सला ५ ते ७. म्हणजे दोन-तीन मिनिटांसाठी आपण डिस्क पणाला लावतो.

मग सगळ्यात कमी स्पीड ठेवायचा का?

नाही! 'जितका हळू तितका चांगला' हा जुना समज आहे. आजच्या डिस्कचा थर जास्त स्पीडसाठी बनवलेला असतो. कोणत्या डिस्कवर किती ताकदीने लिहायचं, याच्या सेटिंग्ज ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये असतात. १६ एक्सच्या डिस्कवर १ किंवा २ एक्सने लिहिलं तर रिझल्ट उलट खराब येऊ शकतो. बरेच ड्राइव्ह तर इतका कमी स्पीड दाखवतही नाहीत.

सोपा नियम

• १६ एक्स डीव्हीडी: ८ एक्स
• ५२ एक्स सीडी, डेटासाठी: १६ ते २४ एक्स
• गाडीसाठी ऑडिओ सीडी: १६ एक्सच्या आसपास
• आरडब्ल्यू डिस्क: डिस्कवर छापलेला स्पीड, त्याहून जास्त नाही

थोडक्यात, डिस्कवर छापलेल्या आकड्याच्या साधारण निम्मा. तो नसेल तर त्याच्या जवळचा पर्याय घ्या. यूएसबीवर चालणारे बरेच बारीक ड्राइव्ह डीव्हीडीला ८ एक्सच्या वर जातच नाहीत, तिथे ४ किंवा ६ एक्स चालेल.

स्पीड बदलायचा कुठे?

विंडोजमध्ये रिकामी डिस्क टाकल्यावर 'विथ अ सीडी/डीव्हीडी प्लेअर' हा पर्याय निवडा. फाइल टाकून बर्न दाबलं की 'रेकॉर्डिंग स्पीड' विचारला जातो. इम्गबर्न या फ्री सॉफ्टवेअरमध्ये 'राइट स्पीड' निवडता येतो आणि 'व्हेरिफाय'वर टिकही करता येते. ही टिक काढू नका. लिहून झाल्यावर डिस्क पुन्हा वाचून मूळ फाइलशी जुळते का ते त्यातून कळतं.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं: 'बर्न सक्सेसफुल' असा मेसेज आला म्हणून लगेच फोनमधले फोटो उडवू नका. आधी व्हेरिफाय होऊ द्या, मग डिस्क दुसऱ्या एखाद्या ड्राइव्हमध्ये उघडून दोन-चार फाइल बघा. फोटो पुन्हा काढता येत नाहीत, म्हणून डिस्कशिवाय आणखी एक कॉपी दुसरीकडेही असू द्या.