अळंबीची भुकटी आणि मनातील धास्ती

अर्धांगवायूचा झटका ओसरून रोग्याची जीभ वळू लागली, हात उचलू लागला, की घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. रोग्याच्या मनातील धास्ती मात्र तेवढ्याने सरत नाही. आमच्या परिचयातील एक वयोवृद्ध गृहस्थ काठीच्या आधाराने चालू लागले, तरी उंबरठा ओलांडीनात. झोपेतच पुन्हा झटका येईल, या भयाने रात्री दिवाही मालवू देईनात. घरच्यांना हा हट्ट वाटे. वस्तुतः हा दुखण्याचाच भाग होय. पक्षाघातानंतर साधारणपणे चार-पाच जणांमागे एकाला अशी चिंता ग्रासते.

त्यांच्या चिरंजीवांनी औषधी अळंबीची भुकटी आणली. पावसाळ्यात आपण भाजी करतो, त्या अळंबीहून ही निराळी. पांढऱ्या दाढीसारखे तंतू लोंबणाऱ्या या अळंबीला इंग्रजीत ‘लायन्स मेन’, म्हणजे सिंहाची आयाळ, असे नाव आहे. मज्जापेशींच्या वाढीस साहाय्य करणारे प्रथिन तयार होण्यास तिच्यातील काही द्रव्ये चालना देतात, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. २०१० साली जपानमधील ३० स्त्रियांवरील प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. काहींना या भुकटीची आणि काहींना साधी बिस्किटे चार आठवडे देण्यात आली होती. भुकटी घेणाऱ्यांची चिंता व चिडचीड काहीशी कमी झाली.

वार्ता आशादायक खरी. परंतु त्या स्त्रिया पक्षाघाताच्या रुग्ण नव्हत्या, आणि तीस जणींवरून सर्वांसाठी निष्कर्ष काढता येत नाही. पक्षाघातानंतरच्या चिंतेवर हा उपाय अद्याप सिद्ध झालेला नाही.

शिवाय ‘निसर्गातलेच आहे, अपाय कसला?’ हा समज घातक ठरू शकतो. ‘रेशी’ नावाच्या दुसऱ्या औषधी अळंबीने रक्त गोठण्याची क्रिया मंदावू शकते. गुठळीमुळे झटका आलेल्या रोग्याला रक्त पातळ ठेवणारी औषधे बहुधा चालूच असतात. दोहोंची भर पडली, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून अशी कोणतीही भुकटी डॉक्टरांपासून लपवू नये.

चिरंजीवांनी अखेर ती बरणी डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी भुकटी थांबविली आणि ती कशासाठी आणली, असे विचारले. तेव्हा कोठे त्या धास्तीची गोष्ट प्रथमच निघाली. तोवर हातापायांविषयी सर्वांनी विचारले होते, मनाविषयी कोणीच नाही. पुढे समुपदेशन सुरू झाले. रोज थोडे थोडे बाहेर पडण्याचा परिपाठ ठरला. आता ते गृहस्थ नातवाचा हात धरून कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जातात.

अळंबीचे गुण शास्त्रज्ञ यथावकाश ठरवतील. आपल्या घरच्या रोग्याला ‘भीती वाटते का?’ एवढे विचारण्यासाठी मात्र आपणांस थांबण्याचे कारण नाही.