फ्लशचा जोर नळात नसतो

बदलापूरच्या कात्रपमधल्या एखाद्या सोसायटीत फ्लश मंदावला की पहिला आळ येतो तो पाण्याच्या प्रेशरवर. पुरवठाच कमी दाबाने होतो, गच्चीवरची टाकी अर्धीच भरते, मग फ्लश तरी काय करणार? ऐकायला हे पटतं, पण कमोडमागच्या टाकीला लागू पडत नाही. बदलापूर पाणी घेतं उल्हास नदीवरच्या बॅरेजमधून. ती नदी ऐन उन्हाळ्यातही वाहती असते, कारण आंध्र जलाशयाचं पाणी घाट उतरून भिवपुरीच्या वीजघरातली चक्रं फिरवतं आणि मग नदीला मिळतं. हे काम 1922 पासून चाललंय. तिथे चक्रं फिरतात ती पाणी उंचावरून पडतं म्हणून. फ्लशही चालतो तो त्याच कारणाने, फक्त इथली उंची हातभराची. बटण दाबलं की आधीच साठलेलं पाणी एकदम कोसळतं. नळाच्या दाबावर ठरतं ते एवढंच, की टाकी पुन्हा किती वेळात भरणार.

यावर कुणी म्हणेल, मग वरच्या मजल्यावरच ही तक्रार जास्त का? जिथे टाकी नसून भिंतीत थेट फ्लश व्हॉल्व्ह बसवलेला आहे, तिथे ती खरीच आहे: गच्चीवरच्या टाकीला सगळ्यात जवळचा मजला म्हणजे सगळ्यात कमी दाब. टाकी असेल तर मात्र दोष जवळपासच शोधावा. बादलीभर पाणी एका दमात भांड्यात ओतून पाहावं. भांडं साफ झालं तर पुढची लाइन मोकळी आहे, आणि दोष टाकीत किंवा भांड्याच्या कडेखालच्या भोकांत आहे. बोअरिंगचं जड पाणी वापरलं जात असेल तर ती भोकं क्षाराने बुजतात. टाकीतली पातळी ओव्हरफ्लो पाइपच्या तोंडाखाली साधारण इंचभर हवी. त्याहून बरीच खाली असेल तर बॉलकॉकचा फ्लोट वर सरकवला की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. पाणी वाचवायला टाकीत वीट ठेवण्याची युक्ती मात्र उलटते. वीट झिजते, तिची रेती वॉशरखाली अडकते, आणि एकाऐवजी दोनदा फ्लश करावा लागतो.

गळतीबद्दलचा समज याहून महागात पडतो: फरशी कोरडी, म्हणजे गळती नाही. बहुतेक गळती टाकीतून भांड्यात होते, बिनआवाजी. मिनिटाला फक्त 100 मिलिलिटर पाणी झिरपलं तरी दिवसाला 144 लिटर होतं. गटारयोजना असलेल्या शहरांत माणशी रोजचा सरकारी निकषच 135 लिटरचा आहे. जिथे पाणी ठरावीक वेळी येतं आणि पंपाने गच्चीवर चढवून दिवसभर पुरवायचं असतं, तिथे ही धार साठवलेलं, वीज खर्चून वर नेलेलं पाणी रात्रभर पळवते. पकडायची रीत सोपी आहे. टाकीत खाण्याचा रंग टाकावा आणि अर्धा तास फ्लश करू नये. भांड्यात रंग उतरला तर टाकीतून पाणी निसटतंय हे पक्कं. मग अँगल कॉक बंद करून पातळीवर पेन्सिलीची खूण करावी. पातळी उतरत गेली तर तळाचा वॉशर दोषी. ती हलली नाही आणि कॉक उघडल्यावर पाणी ओव्हरफ्लोत सांडू लागलं, तर बॉलकॉक.

‘टाकीच बदला’ हा सल्ला म्हणूनच घाईचा. वॉशर हा किरकोळ किमतीचा रबरी तुकडा आहे, आणि पुष्कळदा तो टाकीत सोडलेल्या क्लोरिनच्या वड्यांमुळे किंवा ॲसिडमुळे कडक होतो. (ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले तर विषारी वायू निघतो, हा धोका वेगळाच.) नवा वॉशर बसवूनही रंग उतरत राहिला, तर ज्या कडेवर तो टेकतो तिथे क्षार साचलेला असतो. व्हिनेगरने घासून तो निघतो. कडेलाच खाच पडली असेल तर आतला व्हॉल्व्ह बदलावा. आख्खी टाकी काढायची ती तडा गेला असेल तरच.